या वेळी बादल्या आणा
सोलापुरातल्या सगळ्या मंडळांच्या कार्यकर्त्यांना खुले पत्र

पोरांनो, आणि हल्ली मंडळांच्या कार्यकारिणीत दिसायला लागलेल्या पोरींनो,

गणपती, शक्तिदेवी, शिवजयंती, भीमजयंती, सगळ्याला सोलापूर जागं ठेवणारे तुम्ही. तुमच्या साउंडने माझ्या खिडकीच्या काचा थरथरतात, त्याबद्दल भांडायला मी वेगळी येईन. आजचं पत्र दुसऱ्या कामाचं आहे.

मी जिल्हा परिषदेची आरोग्य सेविका. गेल्या वर्षी निवृत्त झाले. खेड्यात आम्हाला नर्सबाई म्हणतात, शहरातली पोरं सिस्टर म्हणतात. पस्तीसेक वर्षं खांद्याला लशीचा डबा आणि हाताला टीसीएलचा, म्हणजे ब्लिचिंग पावडरचा वास. घरचे म्हणायचे, तू जेवायला बसलीस तरी विहिरीत पावडर टाकल्यासारखा वास येतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये ऐन नवरात्रात सीनेला पूर आला, तेव्हा मला घरी बसवेना. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर, दक्षिण सोलापूर, नदी जाईल तिथं पाणी. लांबोटीपाशी पुण्याचा हायवे बंद पडला. ज्या सीनेला आम्ही जन्मभर वाळू आणि वेड्या बाभळी म्हणून ओळखत होतो, तिचा पलीकडचा काठ दिसेना. आपल्या जिल्ह्याला दुष्काळ तोंडपाठ आहे, टँकरच्या खेपा कशा मोजायच्या ते पोराटोरांना कळतं. सीनेच्या असल्या पुराचा मात्र आपल्याला काही सराव नव्हता.

तेव्हा तुम्ही काय केलं ते मी पाहिलंय. देवीची वर्गणी बाजूला काढून छोटे हत्ती भरले. कुणी कडक भाकरीच्या चवडी बांधून आणल्या, कुणी शेंगाची चटणी, कुणी ब्लँकेटं, कुणी घरातल्या चादरी काढून दिल्या. रस्ता तुटला तिथं पोती डोक्यावर घेऊन गुडघाभर चिखलातून चाललात. सरकारी गाडी पोचायच्या आधी मंडळाचा टेम्पो पोचला, असं एकापेक्षा जास्त गावांत झालं. म्हणून आधी हात जोडते, मग बोलते.

मी ज्या गावात गेले त्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांनी जमेल ते केलं, आणि राहिलं ते बहुतेक ठिकाणी राहिलंच होतं. गाव सीनाकाठी, शाळा वर माळावर, शाळेत सुमारे तीनशे माणसं. सात खोल्या. व्हरांड्यात तुमच्याच टेम्पोंमधून उतरलेल्या बिस्किटांच्या खोक्यांची छातीएवढी भिंत. दुसऱ्या दिवशी पोरं पुडे एकमेकांना फेकून मारत होती, इतकी बिस्किटं. खिचडी दोन वेळा शिजत होती. बाटलीबंद पाण्याची खोकी दाराशी रचलेली, सगळ्यांना दिसतील अशी.

संध्याकाळी एका खोलीत चहा वाटत होते. कोपऱ्यात सत्तरीची एक आजी, डोक्यावरून पदर, भिंतीला टेकलेली. कप पुढे केला तर घेईना.

"नको बाई. दुपारनंतर काय प्यायलं की रात्री उठावं लागतंय."

"मग उठा की. मी येते सोबत."

"कुठं जायचं उठून? खाली सगळं पाणी, वर माळावर गडी माणसं झोपलेली."

तिने सकाळपासून दोन घोट पाणी घेतलं होतं. शेजारी तिची नातसून, मांडीवर आठ महिन्यांचं अंगावर पिणारं पोर. तीही पाणी पीत नव्हती. मग मी खोलीत प्रत्येकीला विचारत गेले. चाळीस-एक बाया होत्या. जवळजवळ सगळ्यांनी पाणी तोडलं होतं. उंबऱ्यावर बाटल्यांची खोकी न फोडता पडलेली आणि आत पुरातून वाचवलेल्या बाया तहानलेल्या बसलेल्या.

शाळेत शौचालयं चार. दोनांना दार नव्हतं. एक चालू होतं, पण नळ नाही. चौथं शिक्षकांचं, त्याला कुलूप, आणि चावी ज्यांच्याकडे ते पुराच्या पलीकडच्या गावात. कुलूप दुसऱ्या दिवशी एका पोराने दगडाने फोडलं. त्या पोराचा सत्कार व्हायला हवा होता. पण शाळेच्या मालमत्तेचं नुकसान झालं म्हणून कुणीतरी त्यालाच चार शब्द सुनावले.

तिसऱ्या दिवशी आजीला थंडी वाजून ताप आला, लघवीला जळजळ. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवली. कागदावर ही बाई पूरग्रस्त म्हणून आजारी नव्हती, मूत्रमार्गाच्या संसर्गाने आजारी होती. त्या ट्रॉलीमागे चालताना मी ठरवलं की मंडळांना पत्र लिहायचं. लिहायला इतके महिने लागले, कारण कोणाचा अपमान होऊ नये असं वाटत होतं. आता पावसाळा तोंडावर आलाय, म्हणून लिहून टाकते.

तुम्ही आणता त्यातलं बहुतेक सगळं तोंडाने आत जाणारं असतं. आत गेलेलं बाहेर कुठं जाणार, हे कुणी विचारत नाही. लाज वाटते म्हणून म्हणा, फोटो येत नाही म्हणून म्हणा. बॅनरवर "अमुक मंडळातर्फे तीस बादल्या आणि चार संडास" असं लिहायला कोणाला आवडेल? मला तर फार आवडेल.

याचे आकडे ठरलेले आहेत, मी मनाने सांगत नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम १२ मध्ये छावणीतल्या माणसाला निवारा, अन्न, पिण्याचं पाणी, औषधोपचार आणि स्वच्छता यांचे किमान निकष ठरवायला सांगितलं आहे. त्याप्रमाणे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये निकष काढले. माणशी रोज निदान ३ लिटर पिण्याचं पाणी. ३० माणसांमागे एक शौचालय. ते छावणीपासून ५० मीटरच्या आत. बायकांची सोय वेगळी. जगभरच्या मदत संस्था जे 'स्फिअर'चे निकष धरतात, १९९७ पासून चाललेले, ते वापरायच्या पाण्यासकट माणशी १५ लिटर म्हणतात. अगदी पहिल्या धावपळीत ५० माणसांमागे एक संडास चालवून घेतात, पण लवकरात लवकर २० माणसांमागे एकावर यायला सांगतात. आणि पुरुषांच्या एका संडासाला बायकांचे तीन, असं प्रमाण त्यांनी धरलंय. ज्याने कुणी हे लिहिलं त्याच्या घरात चार बहिणी असणार.

आमच्या शाळेचा हिशेब करा. तीनशे माणसं म्हणजे आपल्याच निकषाने दहा शौचालयं. होतं एक, कुलूप फोडल्यावर दोन.

आता पाणी. छोटा हत्ती साधारण पाऊण टन माल ओढतो. अख्खी गाडी बाटल्यांनी भरली तरी ७५० लिटर. म्हणजे अडीचशे माणसांचं एका दिवसाचं नुसतं पिण्याचं. हात धुवायला, ढुंगण धुवायला, पोराचं दुपटं धुवायला त्यातलं थेंबभर नाही. आणि संध्याकाळी रिकाम्या बाटल्यांनी शाळेचं गटार तुंबलेलं, ते वेगळंच. उलट दहा हजार लिटरचा एक टँकर आणला, त्यात ५० ग्रॅम चांगली टीसीएल पावडर नीट मिसळली, तर तीनशे माणसांचे माणशी १५ लिटरने दोन दिवस निघतात. पावडरीची किंमत चहाच्या कपाहून जास्त नाही.

'चांगली' आणि 'नीट' हे दोन शब्द मी मुद्दाम घातलेत. टीसीएल ही ब्लिचिंग पावडरच. ताजी असते तेव्हा तिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की क्लोरीन उडून जातो आणि हातात राहतो चुना. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात वर्षभर पडलेलं, ढेकळं झालेलं पोतं पुरात बाहेर काढतात आणि वरूनच मूठभर विहिरीत फेकतात. त्याने पाण्याचं काही होत नाही, फेकणाऱ्याचं समाधान होतं. पावडर आधी प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, अर्धा तास ठेवायची, खाली गाळ बसला की वरची निवळ तेवढी टाकीत ओतायची. मग आणखी अर्धा तास थांबायचं. मग नळी घेऊन ओटी, म्हणजे क्लोरीन उरलाय का ती चाचणी, करायची. नळीतल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले की पिवळा रंग आला पाहिजे. आला नाही तर क्लोरीन उरलेला नाही, पाणी पिऊ द्यायचं नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो, त्याला हे येतं. निदान यायला हवं.

त्या शाळेत पहिला टँकर आला तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "पावडर टाकलीय मॅडम, वास बघा की." वास होता. मी नळी भरली. पाणी गढूळ, चहाला दूध कमी पडावं तसं. थेंब टाकले. पिवळं काहीच नाही. गढूळ पाण्यात असंच होतं, क्लोरीन आधी मातीवरच खर्ची पडतो आणि जंतूंसाठी उरत नाही. आधी तुरटी फिरवून गाळ बसवायचा, मग पावडर. तो वैतागला, त्याला अजून तीन खेपा होत्या. त्याचंही चूक नव्हतं. टाकीतलं पाणी निवळायला चार तास गेले आणि तेवढा वेळ मी नळावर लाकडी काठी घेऊन बसले, शब्दशः.

आणि इतकं करून नळाला शुद्ध पाणी आलं तरी ते माणसाच्या तोंडात जाईपर्यंत शुद्ध राहत नाही. एक निळं बॅरल व्हरांड्यात ठेवलं होतं, झाकण नसलेलं. प्यायला एक स्टीलचा पेला, साखळीशिवाय. मी दारात उभी राहून मोजलं. पंधरा मिनिटांत अकरा हात मनगटापर्यंत त्या पाण्यात बुडाले. त्यातला एक हात चार वर्षांच्या पोराचा, ते आत्ताच भिंतीमागून चड्डी वर ओढत आलेलं. मलावीतल्या एका निर्वासित छावणीत नव्वदच्या दशकात हेच तपासलं होतं. हात घालता येणार नाही अशा झाकणाच्या, तोटीच्या बादल्या काही घरांना दिल्या, तर त्या घरांतल्या पाच वर्षांखालच्या पोरांची हगवण ३१ टक्क्यांनी कमी झाली. बादली बदलली, बस. आमच्या खात्याने मात्र हे कधीपासून लांब दांड्याच्या ओगराळ्यावर शिकवलंय. रांजणात हात नाही, ओगराळं. तुमच्या आयांना विचारा, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेलं चित्र त्यांना आठवेल.

खरं तर हे सोलापूरकरांना मी सांगायची गरज नसावी. उजनीतून शंभर किलोमीटरवरून पाइपलाइनने पाणी येतं आणि तरी वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड नळ. आपल्या घरांत माणसांपेक्षा टिपाडं जास्त. कुठलं टिपाड प्यायचं, कुठलं वापरायचं, कशावर फडकं बांधायचं, शेवटच्या दिवशी भांड्याचं पाणी झाडाला कसं घालायचं, हे आपल्याकडची बारा वर्षांची मुलगी जाणते. पाणी साठवण्याच्या कामात या शहराचा हात धरणारा कोणी नसेल. तेच शहर पूर आला की बिस्किटं घेऊन जातं. मी त्या शाळेत प्रत्येक कुटुंबाला दोन झाकणाच्या बादल्या दिल्या असत्या, एक आणायला आणि एक साठवायला. पण बादल्या नव्हत्या. व्हरांड्यात होते बिस्किटांचे बाराशे पुडे आणि एक पोतं टाय. हो, गळ्यात बांधायचे टाय. कुणीतरी कपाट रिकामं केलं होतं.

जुन्या कपड्यांवर दोनच ओळी लिहिते, कारण मी किल्लारी पाहिलंय. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. मी नवीन नोकरीतली पोर होते. तिथल्या रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीग पावसात कुजताना पाहिले, आणि त्याच गावात अंग पुसायला कोरडा पंचा मिळत नव्हता. आता पुरे.

तुम्ही म्हणाल, सिस्टर, चार दिवसांत असं काय होतंय? आमच्या छावणीत पटकी, म्हणजे कॉलरा, आली नाही, नशीब. पण नशिबाचा अर्थ काय तो ऐका. जुलै १९९४ मध्ये रुआंडातून पळालेली लाखो माणसं काँगोच्या सरहद्दीवर गोमा गावाजवळ थांबली. तेव्हा त्या देशाचं नाव झैर होतं. जमीन ज्वालामुखीच्या दगडाची, खड्डा खणता येईना. पाणी तळ्याचं. पहिल्या महिनाभरात सुमारे ५० हजार माणसं मेली, बहुतेक पटकीने आणि रक्ती हगवणीने. ज्या लढाईतून ती पळून आली होती, तिच्यापासून ती लांब पोचली होती. मारलं ते संडास आणि पाण्याने.

आणि दुसरी गोष्ट आपल्या देशातली. १९७१ मध्ये बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली, सलाइनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पुड्या बांधल्या, पिंपात पाणी कालवलं, तोटी लावली आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. आज मेडिकलमध्ये मिळणारं ओआरएस हे त्याचंच सुधारलेलं रूप. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अर्थात ते पाणीही शुद्धच लागतं, नाहीतर एका हाताने औषध आणि दुसऱ्या हाताने रोग.

पटकी आपल्या भागाला परकी नाही. मरीआईची देवळं गावाच्या वेशीवर का, ते म्हाताऱ्यांना विचारा. माझी आजी सांगायची, पटकीची लस टोचल्याशिवाय पंढरपूरच्या वारीला सोडत नसत, आणि दंडाला गाठ येते म्हणून लोक आडवाटेने जात. आज त्याच पंढरपुरात आषाढीला लाखो माणसं येतात. चंद्रभागेपलीकडे ६५ एकरावर दिंड्या उतरतात, तिथं नळ, शौचालयं, दिवे, मैला उपसणाऱ्या गाड्या, सगळं हलतं. म्हणजे हे काम आपल्या जिल्ह्याला येतं. आषाढीची तारीख पंचांगात असते, पुराची नसते, एवढाच फरक. ती फिरती शौचालयं आषाढीनंतर कुठं असतात आणि पुराच्या वेळी ती कुणी मागायची, हे मी प्रशासनाला वेगळं विचारणार आहे. पण प्रशासनाला पत्र लिहिलं की आवक क्रमांक पडतो. तुम्हाला लिहिलं की टेम्पो निघतो.

आणि खरं सांगू? संडास उभा करायला लागणारं सगळं सामान तुमच्याकडेच आहे. मंडप! बांबू, कापड, ताडपत्री, सुतळी, जनरेटर, हॅलोजन, आणि रात्रीत सांगाडा उभा करणारी पोरं. सोलापुरातला मंडपवाला आठ तासांत महाल उभा करतो. त्याला चार आडोसे जड आहेत का? जेसीबीतून तुम्ही नेत्यांवर फुलं उधळता. तोच जेसीबी मुरमाड माळावर एक चर खणेल. काळ्या रानात खणू नका, पुरात तिथं हातभर खाली पाणी लागतं आणि चर नुसता भरून येतो. विहिरीपासून, बोअरपासून निदान ३० मीटर लांब, उताराच्या खालच्या अंगाला. खड्ड्याचा तळ भूजलापासून दीड मीटर वर राहिला पाहिजे. चरावर आडव्या फळ्या, मध्ये बांबूचे आडोसे, कापड जाड आणि गडद, कारण मागून हॅलोजन लागला की पातळ कापडात सावली दिसते आणि मग बाया जात नाहीत. हे मी बघून सांगते. शाळेत एका रात्री पांढऱ्या कापडाचा आडोसा केला होता आणि सकाळपर्यंत तिकडे एकही बाई फिरकली नाही. बायकांचा आडोसा पुरुषांच्या वाटेवर नको. आतून कडी हवी, सुतळीची गाठ चालेल, पण आतून. वाटेवर दिवा. शेजारी मातीचा ढीग आणि फावडं, जाऊन आलं की दोन फावडी माती. आणि हात धुवायला तोटीची टाकी. साबण जाळीच्या पिशवीत घालून टांगा, नाहीतर पहिल्या तासात तो कुणाच्या तरी घरी जातो. बिचाऱ्यांकडे साबण नसतो, म्हणून जातो. साबण माणशी महिन्याला अंगाचा पाव किलो आणि कपड्याचा २०० ग्रॅम, असा हिशेब असतो. म्हणजे तुम्ही आणलेले हॉटेलातले चपटे साबण नव्हेत.

लहान पोरांची शी आपण घाण धरत नाही, "त्याला काय होतंय" म्हणून अंगणातच कडेला लोटतो. छावणीत तीच सगळ्यात आधी पायाला लागून आत येते. एक खुरपं आणि एक झाकणाचं पॉट, तेवढं प्रत्येक खोलीत पुरतं.

पाळीचं राहिलं. तुमच्यातल्या पोरींनी पॅडची खोकी आणली होती, आणि ती धाडसाने स्वतः वाटली, शाबास. पण पॅड आत घालायला चड्डी लागते आणि पुरातून निघालेल्या बाईकडे ती अंगावरचीच असते. बदलायला आडोसा लागतो. टाकायला झाकणाचा डबा लागतो, नाहीतर ते संडासात जातं आणि होता तो एक संडासही तुंबतो. नेमकं तेच झालं, आणि काठी घालून तो मोकळा करायला मीच होते. म्हाताऱ्या होत चाललेल्या बाया अजून कापडच वापरतात. त्यांना सुती कापड द्या, आणि ते धुवून वाळत घालायला अशी दोरी द्या की जिच्याखालून गडी माणसं जाणार नाहीत. राष्ट्रीय निकषांत बायकांसाठी 'डिग्निटी किट' म्हटलंय. ते नाव मोठं आहे. चड्डी, पॅड किंवा कापड, कागदी पिशव्या, साबण, कंगवा, एक टॉर्च. टॉर्च विसरू नका. रात्री उठायची भीती टॉर्चने निम्मी होते.

सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात स्वस्त म्हणजे फोन. टेम्पो भरायच्या आधी त्या गावातल्या आशा ताईला, नाहीतर अंगणवाडी सेविकेला एक फोन. सरपंचाला केलात तर तो "काहीबी पाठवा" म्हणेल, कारण नाही म्हणणं बरं दिसत नाही. बाईला विचारलंत तर ती सांगेल, "खायला आलंय दादा, बादल्या नाहीत." विचारताना पुरुष आजूबाजूला नसतील अशा वेळी विचारा, आणि शक्यतो तुमच्यातल्या पोरीने विचारा. आणि एकाच गावात सहा टेम्पो आणि पलीकडच्या वस्तीवर शून्य, असं यंदा होऊ देऊ नका. मंडळं मिरवणुकीचा क्रम ठरवायला बैठक घेतात, मार्ग ठरतात, वेळा ठरतात. पुराच्या टेम्पोंची एक तशीच बैठक घ्यायला काय हरकत आहे?

विहिरींचं एक सांगायचं राहतंय. पूर ओसरला की माणसं घरी परततात आणि पहिला पंप विहिरीला लावतात. ती विहीर पुराखाली होती, तिच्यात गावाचं गटार, मेलेली जनावरं, खताची पोती सगळं उतरलेलं असतं. ती उपसून, गाळ काढून, जादा टीसीएल टाकून, पुन्हा उपसून, ओटी पिवळी आल्याशिवाय ते पाणी प्यायचं नसतं. या कामाला माणसं लागतात आणि तेव्हा मंडळं परतलेली असतात. छावणी उठते, फोटो संपतात, रोगाची खरी सुरुवात तिथून असते. म्हणून निम्मी माणसं आणि निम्मे पैसे दुसऱ्या आठवड्यासाठी राखून ठेवा. चिखलात उतरताना गमबूट घाला, पायाला जखम असेल तर उतरूच नका. लेप्टो, म्हणजे पुराच्या पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप, त्याच्या गोळ्यांबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. मागच्या वेळी तुमच्यातली कितीतरी पोरं अनवाणी होती, मी आरडाओरडा केला तर हसली.

आजी बरी आहे. संक्रांतीला गेले होते तिच्याकडे. घराची एक भिंत अजून ताडपत्रीची आहे. तिने मला चहा केला आणि स्वतः दोन कप प्यायली, आणि दुसरा कप पिताना माझ्याकडे बघून हसली.

तर असं करू. मृगाच्या आधीचा एक रविवार ठरवा. जागा तुमची, मंडपाची गोदामं चालतील. मी ओटीची नळी, तुरटी आणि ताजी टीसीएल घेऊन येते आणि गढूळ पाण्याचं पिंप निवळून दाखवते. तुम्ही मंडपवाल्याला बोलवा, चार बांबूंत आडोसा कसा उभा करायचा ते तो आपल्याला दाखवेल, कापड किती जाड लागतं ते आपण मागून दिवा लावून बघू. प्रत्येक मंडळाने येताना झाकणाची एक बादली आणायची. सोबत निदान दोन पोरी असल्या पाहिजेत, नाहीतर मी सुरू करणार नाही. साउंड आणू नका.

तुमची,
एक निवृत्त नर्सबाई
सोलापूर